कारवंडीचं दार

बेदाण्याच्या शेडचा वास साडीला लागला की तो चार धुण्यांनी जात नाही. आंबूस, गोड, आणि त्यात गंधकाच्या धुरीचा घशात खवखवणारा एक पदर. कवठे महांकाळजवळच्या आमच्या मळ्यावर फाल्गुन लागला की हा वास घरभर होतो. मग माझा भाऊ बापू फोन करतो, "अक्का, शेड भरली. येतीस न्हवं?" मी साताऱ्याहून येते. चाळीस वर्षं येते आहे. यंदाही आले, पण यंदा या वासात बसून जे ऐकलं त्यानं मी अजून सुन्न आहे. तरी याच हातानं लिहिते आहे. आणि हा हात काही साधासुधा नाही. एक अख्खी ऐतिहासिक कादंबरी या हातानं उतरवून घेतलेली आहे.

ती कादंबरी माझ्या सासऱ्यांची. आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो. त्यांचं नाव इथं देत नाही. ज्यांनी वाचलंय ते ओळखतील, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांना नाव कळून तरी काय करायचंय? पुढच्या वर्षी त्यांना शंभर वर्षं होतील. त्या निमित्तानं प्रकाशकांनी त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या कादंबरीची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि प्रस्तावना माझ्या गळ्यात घातली. 'कवी आणि कादंबरीकार : जीवन व लेखन', दहा पानं. साताऱ्यात घरी बसून ती काही होईना, म्हणून वह्या आणि त्या कादंबरीच्या हस्तलिखिताची बाडं पिशवीत भरली आणि माहेरी आले. म्हटलं, बायका बेदाणे निवडतील, आपण शेजारी बसून लिहू. ती दहा पानं अजून कोरी आहेत. त्याऐवजी हे लिहिते आहे.

मामंजी आधी कवी होते. हे आता कुणाला आठवत नाही, त्यांना स्वतःलाही पुढे आठवेनासं झालं होतं. तरुणपणी ते पाटणला शाळेत मास्तर होते. कोयनेच्या पाण्यात गावं गेली ती त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यावर त्यांनी कविता लिहिल्या आणि एक लहानसा संग्रह काढला. तो खपला नाही. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा त्याचे गठ्ठे माळ्यावर होते आणि सासूबाई लोणच्याच्या बरण्यांना ओल लागू नये म्हणून खाली एकेक प्रत ठेवायच्या. त्या संग्रहातल्या दोन ओळी मला पाठ होत्या. 'घरे पाण्यात निजली, कोणी कोणी नाही उरले, जाताना लोटले दार, तेही तसेच राहिले.' कोणी उरलं नाही, हे त्यांनी कवितेतच ठरवून टाकलं होतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

कादंबरीनं मात्र त्यांचं नशीब पालटलं. फेटा आला, व्याख्यानं आली, शाली आल्या. शालींचा एवढा ढीग झाला की सासूबाई म्हणायच्या, आता एखादा सत्कार भांड्यांचा ठेवा म्हणावं.

ज्या हंगामाचं सांगायचं आहे तो माझ्या लग्नानंतरचा दुसरा फाल्गुन. मामंजी एका गडाच्या पायऱ्या मोजायला गेले होते. हो, मोजायला! कादंबरीत 'तो पायऱ्या उतरला' एवढं वाक्य असलं तरी त्या किती हे त्यांना स्वतः जाऊन पाहायचं असे. मोजता मोजता घसरले आणि उजवा हात मोडून आले. प्लॅस्टर घातलं. दोन दिवस चिडून बसले, तिसऱ्या दिवशी मला हाक मारली. "सूनबाई, तुमचं अक्षर मी लग्नाच्या यादीत पाहिलंय. बसा लिहायला."

मग मी बसले. पडवीत बैठं मेज, त्यावर शाळेतून आणलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांचे पाठकोरे कागद. मामंजी प्लॅस्टरचा हात गळ्यात अडकवून येरझाऱ्या घालायचे आणि सांगायचे. स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं सांगायचे. समोर अजिंक्यताऱ्याचं गवत वाळून पिवळं पडलेलं, दुपारचा वारा आणि त्यांचा खणखणीत आवाज. स्वयंपाकघरातून सुटका झाली म्हणून मी मनातून फार खूश होते. एखादा प्रसंग रंगला की माझे डोळे भरून यायचे आणि शाई फुटायची. "रडा, पण कागदाच्या बाहेर," असं म्हणायचे ते. इतक्या मायेनं मला पुढं कुणी रागावलं नाही.

गडाला वेढा पडतो आणि फितुरीनं गड जातो, अशी ती कथा. जुन्या कागदांत त्या फितुराबद्दल एवढंच होतं की खालच्या गावच्या कुणा एकानं चोरदरवाजा उघडून दिला. ना नाव, ना गाव. पण कादंबरीत 'कुणी एक' चालत नाही. त्याला नाव पाहिजे, घर पाहिजे, बायको पाहिजे. आणि इथंच मामंजी अडून बसले, कारण त्यांना दुधानं तोंड पोळलेलं होतं. आधीच्या एका कादंबरीत त्यांनी एका कपटी कारभाऱ्याला एक आडनाव दिलं होतं. त्या आडनावाची पंचवीस माणसं ट्रॅक्टर भरून घरी आली आणि अंगणात ठाण मांडून बसली. सासूबाईंनी सगळ्यांना पोहे केले. त्यांनी ते खाल्ले, चांगले झालेत म्हणाले आणि निषेधाचं पत्र देऊन गेले. मामंजींना माफी लिहून द्यावी लागली.

आमच्याकडं हे असंच असतं. तीनशे वर्षांपूर्वीचा माणूस आमच्या गावात कालच वारल्यासारखा जिवंत असतो. कुणाचा पूर्वज शूर होता आणि कुणाचा पळाला, हे सोयरीक जमवतानासुद्धा निघतं. म्हणून मामंजी मला म्हणाले, "सूनबाई, असं गाव शोधा, ज्याला आता माणूसच नाही. कुणी दारात यायला नको."

प्लॅस्टर निघायच्या आधी आम्ही पाटणच्या वर गेलो होतो. त्यांना पळस फुललेला पाहायचा होता, वर्णनासाठी. उन्हाळा कडक होता, कोयनेचं पाणी खूप खाली गेलेलं. एका वळणावर चहाची टपरी होती. मामंजी झाडाखाली टेकले आणि मी चहा सांगायला गेले. खाली भेगाळलेल्या गाळात एका देवळाचा दगडी माथा उघडा पडलेला दिसत होता.

"ते कुठलं गाव हो?" मी टपरीवाल्याला विचारलं.

"कारवंडी म्हनायची त्येला."

"कुणी राहतं का आता त्या गावचं?"

"कोन ऱ्हानार बाई? मासं!" तो हसला. मीही हसले.

आणि दोन्ही हातांत दोन पेले घेऊन, चहा सांडत मी झाडाकडं जवळजवळ धावत गेले. "मामंजी, गाव मिळालं!"

त्यांनी नाव दोनदा म्हणून पाहिलं. कारवंडी. रायाजी कारवंडकर. "वा," म्हणाले, "जिभेवर बसतंय." त्याच आठवड्यात रायाजीनं आमच्या पडवीत चोरदरवाजा उघडला. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. गडाच्या पायऱ्या मोजायला हात मोडून घेणाऱ्या माणसानं गावाची चौकशी मात्र एका टपरीवर, तीसुद्धा सुनेच्या तोंडून केली. आणि मी ती एका प्रश्नात उरकली.

कादंबरी तुफान चालली. निषेधाला कुणीही आलं नाही. मामंजी मला कौतुकानं म्हणायचे, "गाव शोधावं तर सूनबाईंनी." ते गेले तोवर हे कौतुक चालू होतं. मीही ते अंगावर मिरवलं.

या फाल्गुनात बापूच्या शेडमध्ये बारा-पंधरा बायका निवडायला होत्या. काड्या मोडायच्या, हिरवा बेदाणा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळपट पडलेला तिसरीकडं. हात चिकट होतात, पण तोंडं मोकळी राहतात. माझ्याजवळ हौसाबाई म्हणून एक बसायची, माझ्याच वयाची. तिनं विचारलं, "अक्का, तुमी सातारला दिल्याली न्हवं? आमी बी मूळचं तकडंलंच. पाटनाच्या वरचं."

"कुठलं गाव?"

"कारवंडी."

माझ्या ओंजळीतले बेदाणे खाली सांडले. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"आता न्हाई ते. पान्यात गेलं," ती सांगत होती. "धरनाच्या वक्ताला आमच्या लोकास्नी हितं आनून टाकलं. ह्यो माळ दिला. तकडं पाऊस थांबत न्हवता, हितं येत न्हवता. ह्या ओढ्याच्या पल्याड वसाहत हाय बघा आमची."

ओढ्याच्या पलीकडं. माझ्या माहेरच्या मळ्यापासून हाकेच्या अंतरावर. लहानपणी आम्ही त्या वस्तीला नुसतं 'वसाहत' म्हणायचो. ही माणसं कुठून आली, त्यांच्या गावाचं नाव काय, हे मी जन्मात कधी विचारलं नव्हतं. 

हौसाबाई आपल्याच नादात होती. "आमच्यातल्याच एकानं म्हनं गडाचं दार उघडलं हुतं, शत्रूला. पुस्तकात हाय. बाजारात भांडान झालं की हितली लोकं आजून म्हनत्यात, ए फितुराच्या. काय करायचं? केल्याचं भोगलं आमच्या लोकांनी."

शेडच्या हिरव्या जाळीतून ऊन येत होतं.  पाणी प्यायच्या निमित्तानं मी उठले आणि घरामागं गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसाहतीत गेले. न जाऊन चाललंच नसतं. देवळाच्या कट्ट्यावर धोंडीआबा भेटले. ते भैरोबाचे मानकरी, गाव उठलं तेव्हा दहा वर्षांचे होते. मी बापूची बहीण, एवढंच सांगितलं. लेखकाची सून हे सांगितलं नाही. घाबरले होते, हे कबूल करते. पुस्तकाचं मी विचारलं, तसे आबा खुलून बोलायला लागले, आणि त्यांचं ते खुलणंच माझ्या छातीत जास्त घुसलं.

"आवं, नकाशातनं नाव गेल्यालं आमचं. कागदावर गावाच्या जागी वसाहत लिवायचं. आन् एक दिवस वसाहतीच्या शाळंचं मास्तर म्हनलं, आबा, कारवंडीचं नाव छापून आलंय, लय मोठ्या पुस्तकात. आमाला तर काय, गावच पान्यातनं वर आल्यागत झालं. वर्गनी काढून पुस्तक आनलं. हार घातला त्येला. श्रावनात देवळात पोथी लावतो न्हवं, तशी लावली. मास्तर वाचायचं, समदं गाव ऐकाया बसायचं. रोज वाट बगायचो, कारवंडी कवा येती, कवा येती."

"मग?"

"मग आली की." आबांनी पंचाच्या टोकानं तोंड पुसलं. "मास्तर वाचता वाचता थांबलं. म्हनलं, म्होरं वाचू का नगं? माझा बा म्हनला, वाचा. लावलेली पोथी अर्धी सोडत न्हाईत. समदी वाचली. बाया रडल्या. त्या वर्सापास्नं कारवंडीचा मानूस देवाचं दार उघडत न्हाई."

मला कळेना. आबांनी समजावून सांगितलं. पाडव्याला भैरोबाची पालखी शिवाराला फिरून येते. तोवर देवळाचं दार लावलेलं असतं. पालखी परत आली की दार उघडायचं आणि देव आत घ्यायचा. पूर्वी हा मान आबांच्या घराचा. पण आपल्या माणसाच्या हातानं दार उघडलं आणि गड गेला, म्हणून तेव्हापासून ते परक्याच्या हातानं उघडायचं. शेजारच्या वाडीचा एक मेंढपाळ दरवर्षी येतो आणि उघडून देतो.

"औंदा त्यो मेंढरं घिऊन लांब गेलाय," आबा म्हणाले. "तुमी पाव्हन्या हायसा. तुमी याल का उघडाया?"

मी हो म्हणाले. का म्हणाले ते आजही सांगता येत नाही. बहुतेक नाही म्हणायचं धाडस नव्हतं.

पाडव्याला चार दिवस होते. ते मी कसे काढले माझं मला माहीत. मामंजींच्या हस्तलिखिताची ती बाडं उघडून बसायचे. माझंच अक्षर. वळणदार, सुबक, एक खाडाखोड नाही. रायाजीच्या घराचं वर्णन, त्याच्या बायकोच्या कपाळावरचं कुंकू, त्याचा तो दाराच्या अडसराला लागलेला हात. मामंजींनी त्याला इतका जिवंत केला होता की खुद्द मलाही वाटावं, असेल असा कुणी. त्यांच्यावर राग आला आणि राग आला म्हणून वाईटही वाटलं. त्यांनी कुणाचं वाकडं चिंतलं नव्हतं. उलट कुणी दुखावू नये म्हणून तर एवढा खटाटोप! पाण्यात गेलेल्या गावासाठी ते कवितेत रडले, आणि तेच गाव रिकामं आहे म्हणून कादंबरीत वापरलं. मधल्या काळात त्या गावची माणसं कुठं गेली, हे त्यांनी ना रडताना विचारलं ना लिहिताना. आणि मला तर विचारायला नुसता ओढा ओलांडला तरी पुरला असता.

बापूला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, आता कशाला उकरतीस? त्यांनी पचवलंय ते." तेच तर मला सहन होत नव्हतं.

पाडव्याला सकाळी गेले. घरोघर गुढ्या, दारात रांगोळ्या, पोरीबाळी नव्या कपड्यांत. पालखी शिवारातून हलगीच्या तालावर आली आणि देवळासमोर थांबली. हलगीही थांबली. मग मी जे पाहिलं ते डोळ्यांपुढून जात नाही. गावातल्या सगळ्या पुरुषांनी हात मागं नेले आणि पाठीशी आपलंच मनगट आपण धरलं. म्हाताऱ्यांनी, कॉलेजात जाणाऱ्यांनी, सगळ्यांनी. कुणी रडत नव्हतं, कुणाला त्यात विशेष काही वाटतही नव्हतं. आम्ही पडवीत चहा पीत रचलेल्या एका माणसासाठी ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या हात बांधून उभी राहणार होती.

आबा माझ्याजवळ आले. "चला."

मी तिथंच थांबले. हळू आवाजात म्हटलं, "आबा, मी त्या पुस्तक लिहिणाऱ्याची सून आहे. रायाजी कारवंडकर नावाचा माणूस कधी नव्हताच. मामंजींनी तो मनानं रचला. तुमच्या गावाचं नाव मी काढून दिलं. कुणी उरलं नाही असं समजून."

"छापलंय की ते," आबा म्हणाले.

"छापायच्या आधी या हातानं लिहिलंय मी. खोटं आहे ते, आबा. तुमच्या माणसानं कसलंही दार उघडलेलं नाही."

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. मला वाटलं, आता शिवी देतील, नाहीतर रडतील, नाहीतर गावाला ओरडून सांगतील. मी सगळ्याला तयार होते. जे त्यांनी विचारलं, त्याला तयार नव्हते.

"मग गाव कशापायी बुडालं वं?"

"धरण बांधलं, आबा. वीज हवी होती."

"ते मला ठावं हाय. माझा बा हुता त्या भित्तीच्या कामावर. पन वरच्या अंगाची गावं ऱ्हायली न्हवं? मग आमचंच का? आमी म्हनायचो, आमच्यातल्यानं पाप केलं हुतं, म्हनून देवानं बुडवलं. म्हाताऱ्यानं तेवढ्यावर जीव सोडला." त्यांनी पालखीकडं पाहिलं. "आता तुमी म्हनताय, आमी कायच केलं न्हवतं."

"काहीच नाही, आबा."

"कायच न्हाई," ते स्वतःशी म्हणाले.

मी काय केलं ते मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी समजत होते की आम्ही त्यांच्यावर एक खोटा कलंक लावला आणि तो काढून घेतला की झालं. त्या कलंकावर त्यांनी आपलं बुडालेलं गाव टेकवून ठेवलं होतं, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. मी आधार काढून घेतला आणि त्याच्या जागी ठेवायला माझ्याकडं काही नव्हतं. दहा पानांत काय, हजार पानांतही नसतं.

पालखीचे भोई खांदा बदलत होते. आबांनी पाठीमागचा हात सोडवला आणि दाराच्या दिशेनं पुढं केला.  मग तो हात त्यांनी परत मागं नेला.

"औंदा तुमीच उघडा," ते म्हणाले. "गावाला सांगाया मला वरीस लागंल."

मी पायऱ्या चढले. सगळं गाव हात बांधून माझ्या पाठीकडं बघत होतं. ज्या हातानं ते प्रकरण लिहिलं तोच हात दारावर ठेवला आणि कडी चाचपली. दाराला कडी नव्हती. कुलूप नव्हतं, अडसरही नव्हता. ते नुसतं लोटलेलं होतं.